जंगलातल्या अळीचे आजार आणि माणसाची घाई



पत्रकाचं नाव वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, “आमच्या हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय, आणि हे आम्हाला जंगलातल्या अळीचा इतिहास काय सांगत बसले?” प्रश्न रास्त आहे. पण शेतात आपण दरसाल जी चूक करतो, तीच चूक अमेरिकेतल्या लोकांनी एका जंगली अळीच्या बाबतीत शंभर वर्षे केली. त्यांनी तिची किंमत लाखो एकर झाडीत मोजली. दुसऱ्याला लागलेली ठेच पाहून आपण शहाणे झालो, तर आपला खर्च वाचेल. रेडिओवर वेळ थोडा असतो, सगळं सांगून होत नाही. म्हणून ही हकीकत छापून देत आहोत. सवडीने वाचा, घरात वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. माणसाला ताप येतो, गुरांना लाळ-खुरकूत होते, तसे अळीलाही आजार होतात. तिच्या अंगावर जगणारे शत्रू मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिले म्हणजे परोपजीवी माश्या आणि गांधीलमाशीच्या कुळातले बारीक कीटक. त्यांची पिल्ले अळीच्या पोटात वाढतात आणि तिला आतून पोखरून खातात. दुसरा शत्रू विषाणू. तो अळीच्या पोटात पानाबरोबर जातो आणि तिच्या अंगाचं पाणी पाणी करून टाकतो. तिसरी बुरशी. ती कातडीतून आत शिरते आणि अळीच्या अंगावर पीठ शिंपडावं तशी उगवते. जंगलात कुणी फवारणी करीत नाही, तरी दरसाल सगळी पानं अळ्यांनी फस्त होत नाहीत. ती राखण हे तिघे आणि पाखरं करतात.

रेशमाच्या नादात आलेली पीडा

आता मूळ हकीकत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बोस्टन शहराजवळ मेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथे लिओपोल्ड ट्रुव्हेलो नावाचा फ्रान्समधून आलेला एक चित्रकार राहत होता. त्याला रेशमाचा मोठा नाद. त्या काळात युरोपात रेशीमकिड्यांवर ‘पेब्रिन’ नावाचा रोग पडला होता. अळीच्या अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके यायचे आणि कोष होण्याआधीच ती मरायची. फ्रान्समधले रेशीम शेतकरी देशोधडीला लागले. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लुई पाश्चर १८६५ सालापासून काही वर्षे याच रोगाच्या मागे होता. अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगी मादीची अंडी जाळून टाकायची, असा उपाय त्याने बसवून दिला. आजही आपल्याकडे रेशमाची अंडीपुंज केंद्रे याच रीतीने चालतात.

ट्रुव्हेलो अमेरिकेतल्या पॉलिफेमस नावाच्या जंगली रेशीम पतंगाच्या अळ्या पाळत होता. हा पतंग म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होणाऱ्या टसर किड्याचा चुलतभाऊच. सुमारे पाच एकर झाडी त्याने जाळीखाली घेतली होती. १८६८-६९ च्या सुमारास त्याने युरोपातून दुसऱ्या एका पतंगाची अंडी आणवली. इंग्रजीत त्याला तेव्हा ‘जिप्सी मॉथ’ म्हणत. एका भटक्या जमातीचा त्या नावाने अपमान होतो म्हणून २०२२ साली शास्त्रज्ञांनी ते बदलून ‘स्पंजी मॉथ’ केलं, कारण त्याचा अंडीपुंज स्पंजाच्या तुकड्यासारखा दिसतो. आपण त्याला स्पंजी पतंग म्हणू.

त्यातल्या काही अळ्या निसटल्या. ट्रुव्हेलोला धोका कळला, त्याने लोकांना सांगितलंही. कुणी मनावर घेतलं नाही. पुढे त्याचा ओढा आकाशातल्या ग्रहताऱ्यांकडे वळला आणि १८८२ साली तो मायदेशी परत गेला. अळी मात्र मेडफर्डातच राहिली.

या किड्याची मादी एका पुंजात पाचशेच्या आसपास, कधी हजारापर्यंत अंडी घालते आणि अंगावरच्या केसांनी ती झाकून टाकते. अंडी हिवाळाभर तशीच राहतात. वसंतात झाडांना कोवळी पालवी फुटली की अळ्या बाहेर पडतात, आणि धागा सोडून वाऱ्यावर दूरवर जातात. ओकचं झाड त्यांना सर्वांत आवडतं, पण तीनशेहून अधिक जातींच्या झाडाझुडपांची पानं त्या खातात. युरोपात आणि आशियात या अळीचे जुने शत्रू तिच्या मागे होते. अमेरिकेत ती एकटी आली आणि शत्रू मागे राहिले. धनगराशिवाय मेंढरं हिरव्या पिकात शिरावीत, तशी गत झाली.

सोमलाची फवारणी

वीसेक वर्षे फारसं काही दिसलं नाही. मग १८८९ च्या उन्हाळ्यात मेडफर्डमध्ये अळ्यांचा कहर झाला. भर उन्हाळ्यात झाडं हिवाळ्यासारखी उघडी पडली. घरांच्या भिंतींवर, ओट्यांवर अळ्यांचे थर बसले. माणसं खराट्याने त्या झाडून काढीत. वाटेने चालताना त्या पायाखाली चिरडत आणि मेलेल्या अळ्यांची घाण सुटे.

१८९० साली राज्य सरकारने पैसा मंजूर केला आणि अळी मुळापासून नाहीशी करायचा चंग बांधला. माणसं लावून अंडीपुंज खरवडले, त्यांवर क्रिओसोट तेल लावलं, झाडांच्या बुंध्यांना गोणपाट गुंडाळून त्याखाली लपलेल्या अळ्या मारल्या. ‘पॅरिस ग्रीन’ नावाचं सोमलाचं विष फवारलं. त्याने पानं करपायची, म्हणून शिसे आणि सोमल मिळून नवं विष काढलं. ते पुढे कैक वर्षे जगभरच्या फळबागांत वापरलं गेलं आणि जमिनीत मुरून बसलं. दहा वर्षांत दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला. अळी बरीच कमी झाली. तेव्हा लोकांना वाटलं, झालं आता. १९०० साली सरकारने पैसा बंद केला. पाच वर्षांत अळी पहिल्यापेक्षा जास्त मुलखात पसरली.

सगळी अळी मारून संपवीन असं म्हणणाऱ्याने ही दहा वर्षे आठवावीत. झाडांच्या फटींत, दगडांखाली, कुंपणाच्या फळ्यांमागे चार पुंज राहिले तरी वंश पुरतो.

शत्रूचा शत्रू शोधायला

१९०५ साली विचार बदलला. अमेरिकेच्या कीटकशास्त्र खात्याचे प्रमुख लेलंड हॉवर्ड स्वतः युरोपात गेले. ही अळी जिथे जन्मजात आहे, तिथे तिला कोण खातं ते शोधून त्या मित्रकीटकांना इकडे आणायचं, असा बेत. बोस्टनजवळ खास प्रयोगशाळा थाटली. युरोपातून आणि जपानातून रोगट अळ्या, कोष आणि अंडी पेट्या भरभरून येऊ लागली. त्यातून बाहेर पडणारे माश्या-कीटक निवडून जंगलात सोडले. चाळीसच्या वर जाती आणल्या, त्यातल्या दहाएक टिकल्या. अंड्यांत अंडी घालणारा बारीक कीटक टिकला, अळ्या खाणारा हिरवा भुंगेरा टिकला, आणि ‘कॉम्प्सिल्युरा’ नावाची माशीही १९०६ पासून टिकली.

ही माशी अळीच्या अंगात जिवंत पिल्लूच टोचून ठेवते. पिल्लू आत वाढतं, अळी मरते, पिल्लू बाहेर पडून जमिनीत कोष करतं. शेतकऱ्याला यापेक्षा चांगला गडी कुठे मिळणार? पण इथेच एक मेख होती. स्पंजी अळीची पिढी वर्षातून एकच, आणि या माशीच्या पिढ्या तीन-चार. स्पंजी अळी संपली की उरलेल्या हंगामात माशीने कुणाला टोचायचं? तिने मिळेल त्या अळीला टोचलं. शेदीडशेच्या वर जातींच्या अळ्यांत ती वाढू शकते. एका दुसऱ्या घातक अळीचा, ब्राउनटेल पतंगाचा, तिने बराच बंदोबस्त केला हे खरं. पण अमेरिकेतले मोठाले, देखणे, निरुपद्रवी रानरेशीम पतंगही तिने सोडले नाहीत. तरीही १९८६ पर्यंत ही माशी वेळोवेळी निरनिराळ्या किडींवर सोडली जात होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्सच्या रानात सेक्रोपिया नावाच्या रेशीम पतंगाच्या अळ्या मुद्दाम ठेवून पाहिल्या. त्यातल्या बहुतेक याच माशीने मारल्या होत्या. ट्रुव्हेलोने ज्या कुळाच्या रेशमासाठी खटाटोप केला, त्याच कुळावर त्याच्या चुकीच्या इलाजाचा घाव बसला.

आपल्या रेशीम शेतकऱ्यांना हे पटकन उमजेल. उझी माशी हीदेखील याच कुळातली. १९८० साली बंगालकडून ती कर्नाटकात शिरली आणि तुती रेशमाचं अतोनात नुकसान झालं. परोपजीवी माशी चांगली की वाईट, हे ती कुणाच्या अंगात वाढते त्यावर ठरतं. म्हणून परदेशातला कीटक, मग तो मित्र म्हणून का असेना, सरकारी परवानगी आणि तपासणीशिवाय आणायचा नाही, असा आपल्या देशाचाही कायदा आहे.

विमानातून डीडीटी

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. स्वस्त, आणि लागलीच परिणाम दिसणारं. माणसाला पुन्हा घाई सुचली. १९५७ साली न्यू यॉर्क आणि शेजारच्या राज्यांत विमानांतून सुमारे तीस लाख एकरांवर डीडीटी फवारलं. जंगलावर पडलं तसं ते भाजीच्या मळ्यांवर, गायींच्या कुरणांवर, तळ्यांवर आणि घरांवरही पडलं. लाँग आयलंड भागातले रहिवासी कोर्टात गेले, पण फवारणी थांबली नाही. १९६० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला ऐकायला नकार दिला. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या गाजलेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ पुस्तकात या फवारणीचा जाब विचारला. पुढे १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली.

आणि अळी? ती होतीच. १९८१ साली अमेरिकेत सुमारे १ कोटी २९ लाख एकरांवरच्या झाडांची पानं तिने खाल्ली. एका वर्षातलं ते सर्वांत मोठं नुकसान.

उलट्या लटकलेल्या अळ्या

आता विषाणूकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी पाहिलं होतं, की अळ्या फार झाल्या की त्यांना एक रोग लागतो. रोगी अळी झाडावर वर वर चढते, मरते, आणि उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखी लटकते. कातडी फाटते आणि आतला काळपट रस खालच्या पानांवर ठिबकतो. ती पानं खाणाऱ्या अळ्यांना तोच रोग होतो. अळी वर का चढते? २०११ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की विषाणूतला एक गुण अळीची कात टाकायची वेळ बिघडवतो, आणि म्हणून ती दिवसाही शेंड्यावर चढून राहते. वरून रस गळला की खालची पंगत वाढलेलीच! हा विषाणू स्पंजी अळीपुरताच असतो. माणसाला, गुराला, मधमाशीला तो बाधत नाही. त्यापासून केलेल्या ‘जिपचेक’ नावाच्या औषधाला १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

विषाणूची एक अडचण आहे. अळ्या दाट असल्या तरच तो झपाट्याने पसरतो. तोवर बरीच पानं खाऊन झालेली असतात.

बुरशीचा पावसाळा

बुरशीची गोष्ट सगळ्यांत नवलाची. जपानात स्पंजी अळीवर एक बुरशी पडते. जपानी लोक त्या पतंगाला ‘माइमाइगा’ म्हणतात, म्हणून बुरशीचं नावही ‘एन्टोमोफागा माइमाइगा’ असं पडलं. १९१०-११ साली ती बोस्टनजवळ सोडून पाहिली. काही दिसलं नाही. प्रयोग फसला म्हणून फाइल बंद झाली.

मग १९८९ च्या ओल्या वसंतात ईशान्य अमेरिकेच्या सात राज्यांत अळ्या पटापट मेलेल्या आढळल्या. या अळ्या सरळ, डोकं खाली करून, झाडाच्या सालीला चिकटून वाळलेल्या होत्या. तपासलं तर तीच जपानी बुरशी! १९१० ची बुरशीच एकोणऐंशी वर्षांनी वर आली, की मधल्या काळात कुणाच्या नकळत ती दुसऱ्यांदा आली, यावर शास्त्रज्ञांत आजही दोन मतं आहेत. एवढं नक्की, की तिची बीजं मातीत दहा-दहा वर्षे दम धरून बसतात. अळ्या विरळ असल्या तरी ती काम करते. मात्र तिला ओल लागते.

याचा दाखला पुढे मिळाला. २०१५ आणि २०१६ साली त्या भागात दुष्काळ पडला. बुरशी थंड पडली, अळ्या बोकाळल्या, ओकची झाडं लागोपाठ ओरबाडली जाऊन मोठ्या संख्येने वाळली. २०१७ चा वसंत ओला गेला, तेव्हा बुरशीने पुन्हा अळ्यांचा फडशा पाडला. पण वाळलेली झाडं काही परत हिरवी झाली नाहीत. मित्रावर भरवसा ठेवावा, पण पाऊसपाणी पाहून ठेवावा.

आपल्या शिवारात हे कुठे आहे?

जागोजागी आहे. घाटेअळीला असाच विषाणू होतो, आणि तो ‘एचएएनपीव्ही’ नावाने मिळतो. पावसाळी ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनवरची तंबाखूची पानं खाणारी अळी आधी पांढरी आणि मग हिरवट पिठासारखी होऊन पानाला चिकटलेली दिसते. ती बुरशीने मेलेली असते. २०१८ साली परदेशी लष्करी अळी आपल्या मक्यावर आली, तेव्हा हीच बुरशी आपणहून तिच्यावरही पडलेली आढळली. हरभऱ्यात लहानशा सुकलेल्या अळीशेजारी दाण्याएवढा करडा कोष दिसतो, तो कॅम्पोलेटिस नावाच्या मित्रकीटकाचा. केरळात निलांबूरच्या सागवनांत सागाची पानं खाणाऱ्या अळीवरही विषाणू सापडला आहे.

म्हणून शेतकरी बंधूंनो, या गोष्टी ध्यानात ठेवा:

१) फवारणीआधी शेतात दहा ठिकाणी बसून बघा. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर उपाय करायची वेळ झाली समजा. त्याच वेळी किती अळ्या जिवंत, किती लटकलेल्या, किती पिठाळलेल्या आणि किती कोषाजवळ सुकलेल्या, तेही मोजा.

२) बऱ्याच अळ्या रोगी दिसल्या आणि हवा ओली असली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. मित्र काम करीत असताना जहाल विष मारलं तर पहिला बळी मित्राचा जातो. किडीच्या पिढ्या लवकर वाढतात, मित्राच्या सावकाश.

३) हवा कोरडी असली आणि जिवंत अळ्या वाढत असल्या तर वाट पाहत बसू नका. २०१६ चे ओक आठवा. कृषी सहायकाला विचारून योग्य औषध वेळेवर घ्या.

४) विषाणू वापरायचा तर अळ्या लहान असताना आणि दिवस कलल्यावर फवारा. उन्हाने विषाणू मरतो. विषाणू खाल्लेली अळी लगेच मरत नाही, चार-सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून दुसरं विष मारू नका. आणि घाटेअळीचा विषाणू घाटेअळीलाच लागू पडतो, दुसऱ्या अळीवर तो वाया जाईल.

५) तुती किंवा टसर रेशीम करणाऱ्यांनी विशेष जपावं. ‘ब्युव्हेरिया’ ही बुरशी पिकावरच्या किडीला मारते, तशी रेशीमकिड्यालाही मारते. इटलीतले अगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली रेशीमकिड्याच्या रोगाचं कारण म्हणून हीच बुरशी दाखवली, आणि तिला त्यांचंच नाव आहे. ‘बीटी’ औषधही रेशीमकिड्याला घातक. शेजारी तुती असेल तर फवारणीआधी शेजाऱ्याला सांगा. त्याची चंद्रिका रिकामी झाली तर भांडण दोघांच्या घरात जाईल.

६) परगावाहून रोपं, गोणपाट, लाकूड किंवा पेट्या आणल्या तर अंडीपुंज नाहीत ना, ते पाहून घ्या. मेडफर्डची पीडा एका माणसाच्या अंगणातून निघाली, हे विसरू नका.

अळी हा शेतीतला कायमचा पाहुणा आहे. तिला मुळापासून संपवायला निघालेल्यांचे पैसे गेले, झाडं गेली, जमिनीत विष राहिलं. तिच्या शत्रूंना ओळखून त्यांना काम करू देणाऱ्यांना थोडं धीराने घ्यावं लागलं, पण जंगल पुन्हा हिरवं झालं. उद्या सकाळी शेतात जाल तेव्हा पंप खांद्यावर घेण्याआधी वाकून चार पानं उलटून पाहा. तिथे एखादी अळी उलटी लटकलेली दिसली, तर तेवढा दिवस तुमच्या औषधाचा खर्च वाचला असं समजा.